सांगोल्याचे अकरा विजय

गणपतराव देशमुख सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले, आणि याचे श्रेय बहुतेकदा त्यांच्या साधेपणाला दिले जाते. ते अपुरे आहे. 1962 साली ते पहिल्यांदा निवडून आले, पण 1972 साली हरले आणि 1974 च्या पोटनिवडणुकीत परतले. 1995 साली तर शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या 192 मतांनी पाडले. साधेपणा त्या वर्षीही तोच होता! फरक पडला तो गावोगावच्या बेरजेत. या दुष्काळी तालुक्यात त्यांच्या शेतकरी कामगार पक्षाचा (शेकाप) लाल बावटा टिकला तो पाण्याच्या लढ्यांमुळे आणि सूतगिरणीसारख्या सहकारी संस्थांमुळे. हरलेल्या वर्षीही कार्यकर्त्यांना धरून ठेवणारा हा आधार होता.

यावर कोणी म्हणेल, शेकाप इतरत्र ओसरला, मग सांगोल्यातच कसा उरला? माणसामुळेच ना? आक्षेपात तथ्य आहे. 2019 साली गणपतराव उभे राहिले नाहीत आणि त्यांचे नातू अनिकेत हे शहाजीबापू पाटलांकडूनच पडले. पण फरक होता फक्त 768 मतांचा. 2021 साली गणपतराव गेले. 2024 साली दुसरे नातू बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले. आडनावाचा वाटा त्यात आहेच, मात्र नुसत्या आडनावाने बूथ चालत नाहीत.