जनुकांची नावे तारखा कशी झाली?

संकेतस्थळावरचा तक्ता एका क्लिकसरशी एक्सेलमध्ये उतरवून घेणे आज इतके सवयीचे झाले आहे की, उतरताना काय गळून पडते याकडे सहसा लक्ष जात नाही. ‘०२२’ हा मुंबईचा दूरध्वनी संकेतांक ‘२२’ होतो. सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो, कारण एक्सेल पंधराच सार्थ अंक जपतो.

या खोडीचे मूळ जुने आहे. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी ॲपल-२ संगणकासाठी व्हिसिकॅल्क तयार केले. त्यात आकडा पूर्णांकात दाखवायला सांगितले, तरी आतला दशांश शाबूत राही. अंकाने सुरू होणारा मजकूर लिहायचा, तर आधी अवतरणचिन्ह द्यावे लागे. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये हेच काम एकेरी अवतरणचिन्ह करी. एक्सेलमध्ये ते आजही चालते. म्हणजे हा आकडा की मजकूर, याचा निवाडा कळफलकापुढे बसलेला माणूस करू शकत असे.

निर्यात केलेल्या फायलीत हा माणूसच नसतो. सीएसव्ही फाइल म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेला निव्वळ मजकूर. कोणता स्तंभ कशाचा, हे सांगण्याची सोयच तीत नाही. मग एक्सेल अंदाज बांधतो, आणि तो केवळ दिसण्यापुरता नसतो. तारीख त्याच्या लेखी दिवसांची संख्या असते: २ सप्टेंबर २००४ म्हणजे ३८२३२. फाइल त्या रूपात जतन झाली की मूळ अक्षरे परत मिळत नाहीत.

याचा सर्वांत मोठा फटका जीवशास्त्राला बसला. ‘डीईसी१’ या जनुकाचा १ डिसेंबर होतो आणि ‘२३१०००९ई१३’ या ओळखक्रमांकाची घातांकातली भलीमोठी संख्या, हे २००४ मध्येच एका शोधनिबंधाने दाखवून दिले होते. तरीही २०१६ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेले ३,५९७ निबंध तपासले, तेव्हा ७०४ निबंधांत हीच चूक सापडली. इशारा मिळून बारा वर्षे लोटली होती!

उपाय मात्र त्याहून आधीचा. ऑफिस २००० पासून एचटीएमएल तक्त्याच्या प्रत्येक चौकटीला ‘एमएसओ-नंबर-फॉरमॅट’ हा गुणधर्म देता येऊ लागला. त्यात @ लिहिले की चौकट मजकूर म्हणून उघडते. असा तक्ता ‘एक्सएलएस’ नावाने पाठवण्याची युक्ती संकेतस्थळे बनवणाऱ्यांत रूढ झाली. एक्सेल २००७ मात्र अशी फाइल उघडताना, नाव आणि आतले स्वरूप जुळत नसल्याचा इशारा देऊ लागले. त्याच आवृत्तीबरोबर आलेल्या ‘एक्सएलएसएक्स’मध्ये तेच @ शैलींच्या वेगळ्या फायलीत नोंदवता येते.

शेवटी माघार घेतली ती जनुकांनी. २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने आपल्या नियमावलीत हा धोका नमूद केला. ‘मार्च१’चे ‘मार्चएफ१’ आणि ‘सेप्ट१’चे ‘सेप्टिन१’ झाले. एका खासगी कंपनीच्या प्रणालीपायी विज्ञानाने आपली परिभाषा बदलावी, हे विलक्षणच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने हे रूपांतर बंद करण्याचा पर्याय दिला. पण ते मुळात चालूच असते आणि पर्याय असतो फाइल उघडणाऱ्याच्या संगणकावर. त्यामुळे तक्ता पाठवणाऱ्याला स्तंभागणिक @ लिहिणे अजूनही चुकलेले नाही.