काटकीचा हक्क

मार्क्सचे नाव निघाले की आपल्या सुशिक्षित वाचकापुढे गिरणीची चिमणी उभी राहते, अरण्य उभे राहत नाही. वस्तुतः या तत्त्ववेत्त्यास अर्थकारणाकडे वळविले ते सरपणानेच. १८४१ साली ऱ्हाइन प्रांताच्या विधिमंडळात, रानातले पडलेले लाकूड उचलणे ही चोरी ठरविण्याची चर्चा झाली. चोवीस वर्षांच्या मार्क्सने वृत्तपत्रात तीवर लेख लिहिले. गळून पडलेली काटकी झाडाच्या धन्याची राहत नाही, तीवर गरिबांचा रूढीने सिद्ध झालेला हक्क आहे, असा त्याचा युक्तिवाद होता.

हिंदुस्थानात हीच आपत्ती १८७८ च्या वन कायद्याने ओढवली. राखीव रानात वहिवाट संपली आणि सवलत उरली. सवलत म्हणजे देणाऱ्याने केव्हाही काढून घ्यावी अशी वस्तू! तरीही पुढे आदिवासी आणि साम्यवाद यांची गाठ पडली ती या प्रश्नावर नव्हे. १९४५ साली शामराव व गोदावरी परुळेकर तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांत गेले. वेठ आणि लग्नाच्या कर्जापायी राबणारे लग्नगडी हे तेथील पहिले दुःख होते. मागणी झाली ती वेठ बंद करण्याची आणि पाचशे रत्तल गवत कापण्यास अडीच रुपये मजुरीची. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व त्याचे साथी प्राणास मुकले. पुढल्या वर्षी रानकामाचा संप झाला.

ताठ मानेने उभे राहण्याचे बळ वारल्यांना लाल बावट्याने दिले, हे त्याच्या विरोधकांनीही मान्य करावे. परंतु त्या हिशेबात वारली मजूर होता आणि रान हे कामाचे ठिकाण होते. वारल्याच्या लेखी तेथे हिरवा देव व वाघदेव नांदतात. त्याचे दर दिवसाला आण्यांत सांगता येत नाहीत. उलट, आदिवासी म्हणजे केवळ वृक्षपूजक असे गोडवे गाणारे आपले शहरी लेखक वेठीचे नावही काढीत नाहीत. हे अज्ञान मला अधिक अपायकारक वाटते.

मागणी मात्र आदिवासींनी स्वतःच पालटली. मार्च २०१८ मध्ये किसान सभेच्या त्याच बावट्याखाली ते नाशिकहून मुंबईस पायी चालत गेले, तेव्हा मुख्य आग्रह मजुरीचा नव्हता. कसलेली वनजमीन नावे व्हावी, असा होता. त्यास आधार होता २००६ च्या वनहक्क कायद्याचा. पूर्वी झालेला ऐतिहासिक अन्याय त्या कायद्याच्या प्रस्तावनेनेच कबूल केला आहे.

आम्हा मलकापूरकरांस ठाणे दूर वाटेल. पण सातपुडा आमच्याच जिल्ह्यात आहे. संग्रामपूर तालुक्यातील अंबाबरवा हे आज अभयारण्य आहे. १९७२ चा वन्यजीव कायदा अभयारण्यातून वनोपज परवान्यावाचून नेऊ देत नाही; २००६ चा कायदा तेथेही वनवासी जमातींचे हक्क मान्य करतो. डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या बाईस नाक्यावर यांपैकी कोणता कायदा भेटतो, हे तेथे जाऊन पाहावे.