डोळ्यांपुरता उरलेला माणूस

पक्षाघाताला आपल्याकडे 'अर्धांगवायू' म्हणतात, आणि बोलीत 'अंगावरून वारे गेले' असे सांगतात. या दोन्ही शब्दप्रयोगांत व्याधीचे एक निदानच दडलेले आहे. एक सांगतो, की अर्धे अंग जाते. दुसरा सांगतो, की जे घडले ते अंगाला घडले. मेंदूचा उल्लेख कोठेच नाही. या लोकनिदानाला पुरता छेद देणारा एक पक्षाघात आहे. तो मेंदूच्या देठाला, म्हणजे मस्तिष्कस्तंभाला होतो. त्याचा इतिहास वैद्यकाचा आहेच. पण निश्चल देहात कोणी जागे आहे का, या प्रश्नाचाही तो इतिहास आहे.

मस्तिष्कस्तंभ जेमतेम हाताच्या अंगठ्याएवढा. वर मध्यमस्तिष्क, मधे सेतू, खाली लंबमज्जा. मेंदूकडून हातापायांकडे जाणारे सारे चेतातंतू या चिंचोळ्या वाटेने उतरतात आणि त्यांतले बहुतेक लंबमज्जेच्या तळाशी बाजू बदलतात. चेहरा, जीभ, घसा यांच्या चेतांची मूळ केंद्रेही येथेच. त्यामुळे येथला रक्तपुरवठा तुटला की विलक्षण लक्षणे दिसतात : चेहरा एका बाजूचा लुळा, हातपाय दुसऱ्या बाजूचे. 1856च्या सुमारास मिलार आणि ग्यूब्लेर या फ्रेंच वैद्यांनी असा 'उलटसुलट' पक्षाघात नोंदवला. 1895 मध्ये डान्झिगच्या आडोल्फ वालेनबेर्ग यांनी आणखी चमत्कारिक चित्र रेखाटले. रुग्णाला अचानक भोवळ येते, घास गिळवत नाही, आवाज घोगरा होतो. चेहऱ्याच्या एका बाजूला आणि धडाच्या विरुद्ध बाजूला वेदना व उष्णता कळेनाशी होते. हातापायांतले बळ मात्र बव्हंशी शाबूत असते. बिघाड लंबमज्जेच्या नेमक्या कोणत्या भागात असावा, हे त्यांनी केवळ लक्षणांवरून वर्तवले. रुग्णाच्या मृत्यूनंतरच्या शवविच्छेदनाने ते खरे ठरल्याचे त्यांनी 1901 मध्ये प्रसिद्ध केले.

एकोणिसाव्या शतकातल्या चेताशास्त्राची ही रीतच होती : जिवंतपणी लक्षणे टिपायची आणि मृत्यूनंतर जागा शोधायची. त्या रीतीने मेंदूचा नकाशा मिळाला. परंतु अंथरुणावरच्या माणसाला आतून काय कळते आहे, हा प्रश्न त्या नकाशावर मावणारा नव्हता. तो विचारला कादंबरीकारांनी, आणि वैद्यांच्या कितीतरी आधी.

अलेक्झांडर द्यूमा यांची 'द काउंट ऑफ मॉन्टे ख्रिस्तो' 1844 ते 1846 या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत न्वार्तिए नावाचा एक वृद्ध क्रांतिकारक आहे. पक्षाघाताने त्याची वाचा आणि सर्व हालचाल गेली आहे. उरले आहेत ते डोळे. पापणी मिटली की होकार, अनेकदा उघडझाप केली की नकार. नात व्हालांतीन मुळाक्षरे म्हणते, मग शब्दकोशातल्या रकान्यावरून बोट फिरवते आणि आजोबा नेमक्या शब्दापाशी तिला थांबवतात. मृत्युपत्र करण्यासाठी आलेला लेखाधिकारी प्रथम साशंक असतो : जो बोलू शकत नाही, त्याची इच्छा कायद्याने खरी कशी मानावी? द्यूमा यांचे उत्तर स्पष्ट आहे. न्वार्तिए घरातल्या सर्वांत समर्थ व्यक्तींपैकी एक ठरतो.

एमिल झोला यांनी 1867च्या 'तेरेझ राकँ'मध्ये याच अवस्थेची काळी बाजू दाखवली. आपल्या मुलाचा खून सून आणि तिच्या प्रियकराने केला, हे लुळ्या पडलेल्या आईला कळते. पाहुण्यांसमोर ती मोठ्या कष्टाने टेबलावर बोटाने अक्षरे काढू लागते. पण वाक्य पुरे होण्यापूर्वीच बोटातले त्राण संपते आणि पाहुणे आपल्याला हवा तो अर्थ काढून मोकळे होतात. दोन्ही कादंबऱ्यांतला फरक आजाराचा नाही, वाचणाऱ्याचा आहे. एकीला व्हालांतीन मिळाली, दुसरीला नाही.

वैद्यकाने या अवस्थेला नाव दिले ते 1966 मध्ये. अमेरिकन चेतातज्ज्ञ प्लम आणि पोझनर यांनी बेशुद्धीवरील आपल्या ग्रंथात 'लॉक्ड-इन' म्हणजे 'आत कोंडलेला' ही संज्ञा योजली. कारण आता उलगडले होते. सेतूचा पुढचा भाग निकामी झाला की हातपाय, चेहरा, जीभ यांकडे जाणाऱ्या आज्ञा तुटतात. मात्र जागृती राखणारी यंत्रणा मागे आणि वर असल्यामुळे वाचते. डोळे वरखाली करणारे आणि पापणी उचलणारे केंद्रही सेतूच्या वर, मध्यमस्तिष्कात आहे. द्यूमा यांनी न्वार्तिएला डोळे ठेवले, ते असे शरीररचनेशी जुळणारे निघाले.

डिसेंबर 1995 मध्ये 'एल' या फ्रेंच साप्ताहिकाचे संपादक झाँ-दोमिनिक बोबी यांना असाच झटका आला. बेर्कच्या रुग्णालयात एका डाव्या पापणीने, कोणीतरी वाचून दाखवलेल्या अक्षरांतून एकेक निवडत, त्यांनी पुस्तक सांगितले. अक्षरांचा क्रम फ्रेंचमधल्या वापराच्या प्रमाणात लावलेला होता. त्या पुस्तकात न्वार्तिएचे स्मरण आहे. मार्च 1997 मध्ये पुस्तक आले आणि काही दिवसांतच बोबी वारले. अशा रुग्णांसाठी त्यांनी उभारलेल्या संघटनेच्या सदस्यांची पाहणी बेल्जियममधील संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केली. तीत 47 जणांनी आपण सुखी असल्याचे कळवले, 18 जणांनी दुःखी. काहींनी मरणाची इच्छाही नोंदवली. उत्तर देऊ शकले त्यांचेच हे आकडे आहेत, म्हणून त्यावरून या अवस्थेचे गोडवे गाऊ नयेत. पण 'असे जगणे म्हणजे जगणेच नव्हे' हा बाहेरून दिलेला निर्णयही ते टिकू देत नाहीत.

रुग्ण शुद्धीवर आहे, हे पुष्कळदा प्रथम ओळखतात ते घरचे, कारण उशाशी अधिक वेळ तेच असतात. 'वारे अंगावरून गेले' या वाक्प्रचारात एक खरे आहे : ते अंगावरूनच जाते, माणसावरून नव्हे. अंथरुणाजवळ त्याच्याविषयी तृतीयपुरुषात बोलू लागण्यापूर्वी, त्याला वर पाहायला सांगावे आणि उत्तराची वाट पाहावी.