निनावी चिठ्ठीची कुळकथा

कॉलेजच्या वयात मनात खूप काही साठलेलं असतं. ते कुणीतरी ऐकावं असं वाटतं, पण बोलणारा म्हणून आपलं नाव पुढे येऊ नये असंही वाटतं. ही गरज इंटरनेटच्या आधीची आहे. महाराष्ट्रातल्या कॉलेजांत गॅदरिंग जवळ आलं की नोटीसबोर्डापाशी एक खोका ठेवला जायचा आणि त्यात फिशपॉन्ड टाकले जायचे. वहीचा कागद फाडायचा, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कुणी डाव्या हातानेही लिहायचं. वर ज्याच्यासाठी आहे त्याचं नाव, खाली एखादी चारोळी किंवा सिनेमाच्या गाण्याची ओळ, लिहिणाऱ्याचं नाव मात्र कुठेच नाही. खोका उघडला की गॅदरिंग कमिटी चिठ्ठ्या चाळायची आणि फार बोचऱ्या असतील त्या बाजूला काढायची. उरलेल्या भरल्या सभागृहात वाचल्या जायच्या. ज्याच्यावर फिशपॉन्ड पडला तो तिथेच बसलेला असायचा, आणि त्याचा चेहरा उतरला तर तो लिहिणाऱ्यालाही दिसायचा.

संगणकावरच्या निनावी जागेचा एक जुना पूर्वज अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या इथाका गावच्या कॉर्नेल विद्यापीठात सापडतो. साल 1986. वेब अजून जन्मायचं होतं, पण कॉर्नेलच्या संगणकावर ‘सीयू-इन्फो’ नावाची माहितीसेवा चालू होती. मानसोपचार सेवेचे प्रमुख जेरी फाइस्ट आणि संगणक विभागातले स्टीव्ह वोरोना यांनी त्या सेवेत एक सदर सुरू केलं, ‘डिअर अंकल एझ्रा’. नाव अर्थातच विद्यापीठाचे संस्थापक एझ्रा कॉर्नेल यांचं. तारायंत्राच्या धंद्यात पैसा मिळवून ज्यांनी विद्यापीठ उभं केलं, तेच शंभरेक वर्षांनी दुसऱ्या एका तारेवरून मुलांचे काका झाले.

मुलं नाव न देता प्रश्न टाकायची. रूममेटशी पटत नाही, अभ्यास झेपत नाही, प्रेमात नकार मिळाला, घरी कसं सांगू. काही प्रश्न साध्या कुतूहलाचे, काही जिवावर बेतलेले. प्रश्न आणि उत्तर दोन्ही सगळ्यांना वाचता यायचं, त्यामुळे एकाला मिळालेलं उत्तर तीच अडचण असलेल्या इतरांच्याही उपयोगी पडायचं. एझ्राकाकाच्या नावाने उत्तर देणारी व्यक्ती समुपदेशनातली होती. ऐकायचं कसं आणि गरज पडली तर कुणाकडे पाठवायचं, हे तिला ठाऊक होतं. 1993 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठानं ‘गो आस्क अ‍ॅलिस’ सुरू केलं. तिथेही तीच रीत होती: प्रश्न निनावी, उत्तर आरोग्यशिक्षणातल्या जाणकारांचं.

पुढच्या पिढीत उत्तर देणारा गेला आणि मुखवटा तेवढा उरला. ड्यूक विद्यापीठाचे माजी विद्यार्थी मॅट आयव्हेस्टर यांनी 2007 साली ‘ज्यूसीकॅम्पस’ सुरू केलं. कोणीही, कुणाहीबद्दल, पूर्ण नाव घेऊन लिहावं. लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं आणि ज्याच्याबद्दल लिहिलं त्याचं उघडं. मुलींच्या चारित्र्यावर, मुलांच्या लैंगिकतेवर, कुणाच्या वंशावर मनाला येईल ते लिहिलं गेलं. अमेरिकेच्या 1996 च्या कायद्यानुसार लोकांनी लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी सहसा संकेतस्थळावर येत नाही, त्यामुळे बळी पडलेल्यांना दाद मागणं अवघड होतं. जाहिराती आटल्या आणि फेब्रुवारी 2009 मध्ये ते बंद पडलं. तोवर ते पाचशेच्या आसपास कॅम्पसवर पोचलं होतं. आयव्हेस्टर यांनीच 2011 मध्ये ऑनलाइन बदनामी आणि छळ यांबद्दल विद्यार्थ्यांना सावध करणारं पुस्तक लिहिलं.

2013 साली दोन गोष्टी घडल्या. साउथ कॅरोलिनातल्या फर्मन विद्यापीठातून ‘यिक यॅक’ हे अ‍ॅप निघालं. त्यात फक्त आसपासच्या काही मैलांतल्यांचं लिखाण दिसायचं. नापसंतीची मतं पाचने जास्त झाली की मजकूर गायब व्हायचा, म्हणजे चाळणी गर्दीच्या हाती दिली होती. पण पाच जणांना आवडलं नाही एवढ्यानं काही लिखाण घातक ठरत नाही, आणि पन्नास जणांना आवडलं म्हणून निरुपद्रवीही ठरत नाही. धमक्या आणि छळाच्या तक्रारींनी बेजार झालेलं ते अ‍ॅप 2017 मध्ये बंद झालं, 2021 मध्ये पुन्हा आलं.

दुसरी गोष्ट म्हणजे, 2013 मध्येच भारतात फेसबुकवर ‘कन्फेशन पेज’ची लाट आली. पवईच्या आयआयटीपासून इतर अनेक कॉलेजांपर्यंत ही पानं निघाली. यंत्रणा अगदी साधी. एक गूगल फॉर्म, त्यात एकच चौकोन. लिहायचं आणि ‘सबमिट’ दाबायचं. पलीकडे अ‍ॅडमिन तो मजकूर उचलून, क्रमांक लावून पानावर टाकणार. बहुतेक कबुल्या लायब्ररीतल्या क्रशच्या असत, आणि मधूनच एखादी ‘जगावंसं वाटत नाही’ अशी. अ‍ॅडमिन म्हणजे वीस वर्षांचा एखादा मुलगा किंवा मुलगी, तोही निनावी. त्या ओळीचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

या घराण्याचा इतिहास पाहिला की मला एक गोष्ट स्पष्ट दिसते. निनावीपणामुळे बोलणं सोपं होतं, पण आधार मिळतो तो समोर कुणीतरी जबाबदार असल्यामुळे. फिशपॉन्डला कमिटी होती, एझ्राकाकाला समुपदेशक होता. म्हणून नाव झाकायची मुभा लिहिणाऱ्याला असावी. वाचून निवडणाऱ्याचं नाव मात्र कॉलेजला माहीत असावं. आज कुणी असं पान उघडणार असेल तर फॉर्मच्या वरच कॉलेजच्या समुपदेशकाची वेळ आणि सरकारच्या ‘टेली-मानस’ सेवेचा 14416 हा क्रमांक लिहावा, आणि कुणाचं नाव घेऊन लिहिलेला मजकूर छापू नये. एवढं पाळणं एका विद्यार्थी अ‍ॅडमिनलाही जमण्यासारखं आहे.