हॅलोवीन : मुखवटा, मिठाई आणि मृतांचे स्मरण

दरवर्षी ऑक्टोबर महिना सरत आला की पालकांकडून आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शाळेत किंवा गृहसंकुलात हॅलोवीनचा कार्यक्रम आहे, मुलांना भुताखेताचा वेष करून बोलावले आहे. कॅथोलिक कुटुंबाने काय करावे? नांदेड व लातूर येथील भाविकांनाही हा प्रश्न आता अपरिचित राहिलेला नाही. अमेरिकेत वा कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील नातवंडांची वेषभूषेतील छायाचित्रे ३१ ऑक्टोबरला इकडच्या आजीआजोबांच्या मोबाइलवर येतात. काही जण ह्या सणाला निव्वळ गंमत समजतात, तर काही जण त्यात सैतानाची उपासना पाहतात. हे दोन्ही समज अपुऱ्या माहितीवर आधारलेले आहेत. म्हणून ह्या सणाचा उगम, त्याच्या जुन्या वेषांविषयी व मिठाईविषयी पाश्चात्त्य देशांत आढळणारी ओढ आणि आपल्या भागातील तत्सम परंपरा यांची माहिती आम्ही येथे देत आहोत.

नाव व उगम

‘हॅलोवीन’ हा शब्द ‘ऑल हॅलोज ईव्ह’, म्हणजे सकल संतांच्या सणाची पूर्वसंध्या, ह्या शब्दसमूहाचा संक्षेप होय. इ. स. ६०९ मध्ये पोप चौथे बोनिफास यांनी रोममधील पँथिऑन हे प्राचीन देवालय पवित्र मरिया व सर्व हुतात्मे यांना समर्पित केले. पुढे पोप तिसरे ग्रेगरी (७३१-७४१) यांनी संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांच्या सन्मानार्थ प्रार्थनास्थळ उभारले. नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सकल संतांचा दिवस म्हणून पश्चिम युरोपात रूढ झाला. क्लूनी मठाचे मठाधिपती संत ओदिलो यांनी ९९८ च्या सुमारास २ नोव्हेंबर हा दिवस सर्व मृत भाविकांच्या स्मरणासाठी नेमला. पहिल्या महायुद्धात माणसे हजारोंनी मरत असताना, १९१५ साली, पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी ह्या दिवशी प्रत्येक धर्मगुरूला तीन मिस्सा अर्पण करण्याची अनुमती दिली.

आयर्लंड व स्कॉटलंडमधील केल्ट लोकांचा सुगीनंतरचा सणही ह्याच दिवसांत येत असे आणि त्याच्या काही लोकरीती ह्या पूर्वसंध्येत मिसळल्या, हे खरे आहे. तथापि सणाचे नाव व त्यामागचा विचार ख्रिस्ती आहे. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी उपासनेच्या पंचांगाचे सुलभीकरण केले, तेव्हा सकल संतांच्या सणाची जागरण-उपासना त्यातून वगळण्यात आली. तोवर अमेरिकेत ही संध्याकाळ मुलांच्या खेळाची होऊन गेली होती.

दारोदारी जाण्याची मूळ रीत

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये ह्या दिवसांत गोरगरीब व मुले घरोघरी जात. घरधनीण त्यांना लहान गोल गोड भाकरी देई. तिला ‘सोल केक’, म्हणजे आत्म्यासाठीची भाकर, म्हणत. त्या बदल्यात मागणारा त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करण्याचे वचन देत असे. भुकेल्याला अन्न मिळे आणि मृताला प्रार्थना मिळे. मृतांसाठी प्रार्थना करणे हे पवित्र व कल्याणकारी कृत्य असल्याची शिकवण मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात आहे. तीच शिकवण ह्या भाकरीच्या मुळाशी होती.

स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये मुले जुने कपडे व मुखवटे घालून, गाणे किंवा नकला सादर करून खाऊ मागू लागली. १८४५ नंतरच्या भीषण दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेत गेले व ही रीत त्यांच्यासोबत गेली. तिकडे सलगम कोरून केलेल्या दिव्याची जागा भोपळ्याने घेतली. ‘ट्रिक ऑर ट्रीट’, म्हणजे खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू, हा शब्दप्रयोग १९२० च्या दशकात कॅनडातील वृत्तपत्रांत आढळतो. प्रार्थनेचे वचन गळून पडले व त्या जागी लटकी धमकी आली.

जुने वेष, जुनी मिठाई

आज अमेरिकेत ह्या सणाच्या जुन्या वस्तू जमवणारे असंख्य हौशी संग्राहक आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभीची रंगीत पोस्टकार्डे, पेनसिल्व्हेनियातील बीस्टल कंपनीची पुठ्ठ्याची मांजरे व सांगाडे, डेनिसन कंपनीने १९०९ पासून प्रसिद्ध केलेली सजावटीची पुस्तके ह्या वस्तू जपल्या जातात. डेनिसन कंपनी क्रेप कागद बनवीत असे. त्या कागदापासून घरीच वेष कसा शिवावा, हे त्या पुस्तकांत सांगितलेले असे. १९३७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रुकलिनच्या बेन कूपर कंपनीने तयार वेष स्वस्तात विकले. पारदर्शक खिडकीच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणि खाली घडी घातलेला झगा, असे त्याचे स्वरूप असे. आज साठी ओलांडलेल्या कित्येक अमेरिकनांना तो खोका पाहून बालपण आठवते.

मिठाईचेही तसेच आहे. मक्याच्या दाण्याच्या आकाराची तिरंगी ‘कँडी कॉर्न’ १८८० च्या दशकापासून बनत आली आहे. दुसऱ्या महायुद्धात साखरेचे रेशनिंग आले आणि मुलांची ही फेरी थंडावली. युद्धानंतर ती पुन्हा जोमाने सुरू झाली. त्या काळी शेजारीण घरी केलेले लाह्यांचे लाडू व सफरचंदे देत असे. पुढे खाऊत विष वा टाचण्या असल्याच्या अफवा पसरल्या. १९८२ साली शिकागो परिसरात औषधांच्या बाटल्यांत विष मिसळल्याने सात जण दगावले, तेव्हा ही भीती फार वाढली. घरच्या खाऊची जागा कारखान्यातील बंद वेष्टनांनी घेतली.

ह्या इतिहासातील एक घटना आपण विशेष लक्षात ठेवावी. १९५० साली फिलाडेल्फिया येथील प्रेस्बिटेरियन पाळक क्लाइड ॲलिसन व त्यांच्या पत्नी मेरी एम्मा यांनी मुलांच्या हाती दुधाचे रिकामे खोके दिले आणि मिठाईसोबत युनिसेफसाठी नाणी मागायला सांगितले. त्यातून उभ्या राहिलेल्या उपक्रमाने पुढील दशकांत जगभरातील गरजू बालकांसाठी कोट्यवधी डॉलर जमवले. मागणारे हात पुन्हा दुसऱ्याच्या भुकेसाठी पुढे झाले.

जुन्या मुखवट्याला बाजारात किंमत येते ती त्याच्या दुर्मिळतेमुळे. परंतु माणसाला त्याची ओढ वाटते, तिचे कारण आम्हांस निराळे दिसते. अंधार पडल्यावर अनोळखी दार ठोठवावे, ते उघडावे आणि आतल्या माणसाने काहीतरी हातावर ठेवावे, ह्या अनुभवाची ती ओढ आहे. संग्राहक जपतो तो खोका. त्याला आठवते ते शेजाऱ्याचे दार.

मराठवाड्यातील दारोदारी

वेष धारण करून दारी येणारा पाहुणा मराठवाड्याला नवा नाही. भल्या पहाटे मोरपिसांची टोपी घालून, टाळ वाजवीत वासुदेव येतो. बहुरूपी, ज्याला आपल्याकडे रायरंद असेही म्हणतात, पोलिसाच्या गणवेषात येऊन खोटे वॉरंट वाचतो, घरच्यांना क्षणभर घाबरवतो आणि मग हसवून पसाभर धान्य घेऊन जातो. निजामी राजवटीचा वारसा असलेल्या ह्या भागात मोहरमच्या दिवसांत नवसाने फकीर होऊन घरोघरी मागणारी मुले व अंगावर पट्टे रंगवून नाचणारे वाघ वयस्कर मंडळींनी पाहिलेले आहेत.

ह्या सर्वांत हॅलोवीनच्या काळाशी व भावाशी सर्वाधिक जवळची रीत बंजारा समाजाची आहे. नांदेड जिल्ह्यातील मुखेड, कंधार व किनवट आणि लातूर जिल्ह्यातील जळकोट व अहमदपूर ह्या तालुक्यांत त्यांचे अनेक तांडे आहेत. दिवाळीच्या अमावास्येला तांड्यातील अविवाहित मुली पारंपरिक वेषात, हाती पेटता दिवा घेऊन निघतात. प्रथम नायकाच्या घरी व नंतर घरोघरी जाऊन त्या गोर बोलीत शुभेच्छा गातात व वडीलधाऱ्यांकडून ओवाळणी घेतात. ह्यालाच ‘मेरा’ म्हणतात. ह्याच सणात घरोघरी पूर्वजांचे स्मरण करून अग्नीत गोड नैवेद्य अर्पण केला जातो. त्यास ‘धबुकार’ अशी संज्ञा आहे. दिवा घेऊन दारी आलेले लेकरू आणि पूर्वजांचे स्मरण ही दोन्ही येथे एकाच सणात आजही टिकून आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी अनेक कुटुंबे तांडा सोडतात. त्यामुळे त्यांच्यासाठी मेरा ही पांगण्यापूर्वीची भेटही असते. २०२४ साली ही अमावास्या ३१ ऑक्टोबर व १ नोव्हेंबर ह्या दोन दिवसांत आली होती. म्हणजे ज्या रात्री अमेरिकेतील मुले भोपळ्याचे दिवे घेऊन फिरत होती, त्याच सुमारास आपल्या तांड्यांवर मेरा मागितला जात होता.

आपल्या धर्मग्रामांचीही स्वतःची फेरी आहे. नाताळपूर्वी कॅरल मंडळी घरोघरी जातात, हे प्रत्येक वाचक जाणतो. कामट्या व पतंगाच्या कागदाचे तारे, कापसाची दाढी, तीन ज्ञानी पुरुषांचे पुठ्ठ्याचे मुकुट, सायक्लोस्टाइल केलेल्या गीतपुस्तिका, वर्गणीचा पत्र्याचा डबा ह्या आपल्या जुन्या ठेवी होत. खाऊ म्हणून करंजी, शेव-चिवडा आणि मुलांच्या खिशात लिमलेटच्या वा रावळगावच्या गोळ्या असत. नाशिक जिल्ह्यातील रावळगावच्या ह्या गोळ्यांचे नाममुद्राधिकार २०२४ मध्ये रिलायन्स समूहाकडे गेले, तेव्हा महाराष्ट्रात अनेकांना बालपण आठवले. अमेरिकन माणसाला कँडी कॉर्न जे आठवून देते, तेच आपल्याला ही गोळी आठवून देते.

किल्लारीच्या परिसरात

लातूर परिसरासाठी एक बाब वेगळी नमूद करणे आम्हांस आवश्यक वाटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील सुमारे १० हजार माणसे मृत्युमुखी पडली. किल्लारी, सास्तूर आदी गावे जमीनदोस्त झाली. सामुदायिक चिता पेटल्या. अनेकांना स्वतंत्र निरोप लाभला नाही. ज्यांनी आपल्या माणसांना मातीतून स्वतःच्या हातांनी काढले, ते आज आजीआजोबा आहेत. त्यांच्या अंगणात प्लॅस्टिकचा सांगाडा टांगताना मुलांनी व शिक्षकांनी थोडे थांबून विचार करावा. येथे मृत्यू हा गमतीचा विषय नाही. पण तो लपवण्याचाही विषय नाही. त्या आजीच्या दारी जाऊन, तिने गमावलेल्यांची नावे विचारून, त्यांच्यासाठी प्रार्थना करणारे मूल हॅलोवीनचा मूळ अर्थ कोणत्याही वेषाविना जगते.

धर्मग्रामांसाठी सूचना

१. ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी मुलांना संतांच्या वेषात एकत्र आणावे. वेष घरच्या जुन्या साड्या व कागद वापरून करावा. ज्या संताचा वेष, त्याचे चरित्र मुलाने थोडक्यात सांगावे.

२. त्या वर्षी ज्या घरांत मृत्यू झाला असेल, त्या घरांना मुलांच्या गटाने वडीलधाऱ्यांसह भेट द्यावी. खाऊ मागण्याऐवजी न्यावा व मृताचे नाव घेऊन प्रार्थना करावी. घर ख्रिस्ती नसल्यास कुटुंबाची इच्छा आधी विचारावी.

३. १ ते ८ नोव्हेंबर ह्या काळात कबरस्थानाला भेट देऊन मृतांसाठी प्रार्थना करणाऱ्या भाविकास, पापनिवेदन, ख्रिस्तप्रसाद, पोपमहोदयांच्या हेतूंसाठी प्रार्थना आणि पापाची आसक्ती नसणे ह्या नेहमीच्या अटींवर, मृतांसाठी पूर्ण दंडविमोचन प्राप्त होते.

४. प्लँचेट, मृतांना बोलावणे व तत्सम प्रकार हसण्यावारीही करू नयेत. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाच्या २११६ व्या परिच्छेदात ह्याचा स्पष्ट निषेध आहे. साधा वेष किंवा भोपळ्याचा दिवा मात्र पाप नव्हे. त्यावरून शेजाऱ्यांशी किंवा शाळेशी कलह करू नये.

५. धर्मग्रामातील जुने तारे, मुकुट, गीतपुस्तिका व छायाचित्रे फेकून न देता त्यांवर वर्ष व गाव लिहून ठेवावे. छायाचित्रातील मृतांची नावे वृद्धांकडून आजच विचारून घ्यावीत. २ नोव्हेंबरच्या मिस्सेत ती नावे वाचता येतील.

वेष जुना होतो व मिठाई संपते. मृतांसाठी केलेली प्रार्थना आणि गरिबाला दिलेली भाकर प्रभूसमोर कायम राहते. सकल संत आपल्यासाठी विनंती करोत आणि प्रभू आपल्या सर्व मृत भाविकांना चिरशांती देवो.