पत्र्याचे छप्पर आणि वारा

दिल्लीतल्या मराठी माणसाला पहाडगंज परके नाही. बृहन्महाराष्ट्र भवन याच वस्तीत, नूतन मराठी विद्यालयही इथलेच. मोगल अमदानीत ही धान्याची पेठ होती. १९२६ साली ही पेठ आणि अजमेरी दरवाजा यांच्या मध्ये एका फलाटाचे लहानसे स्टेशन उभे राहिले. तेच पुढे नवी दिल्लीचे मुख्य स्थानक झाले. या स्थानकाच्या पुलावरून खाली पाहिले म्हणजे पत्र्याची छपरे आणि गाड्यांचे टप दिसतात. जुन्या घाटाच्या, वातानुकूलित नसलेल्या डब्यांच्या टपांवर ओळीने लहान लहान उंचवटे असतात. ते शोभेचे नव्हेत. पत्र्याखाली कोंडलेली हवा वाऱ्याकरवी बाहेर काढण्याची ती एक जुनी युक्ती आहे, आणि तिचा इतिहास सांगण्याजोगा आहे.

मुळात पत्रा हीच अलीकडची वस्तू. लंडनच्या गोदीचे अभियंते हेन्री रॉबिन्सन पामर यांनी १८२९ साली लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडण्याचे पेटंट घेतले. सपाट पत्रा वाकतो, पन्हळी पत्रा ताठ राहतो, एवढीच त्यातली गोम. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी लोखंडावर जस्ताचा मुलामा चढविण्याची कृती सिद्ध केली, तेव्हा गंजाचेही भय कमी झाले. हलका, स्वस्त, झटपट चढणारा हा पत्रा मग गोदामांवर, कारखान्यांवर आणि स्टेशनांवर चढला. पण आपल्या कौलारू घराचा एक गुण त्याच्यापाशी नव्हता. कौलाकौलांमधल्या फटींतून घर श्वास घेते. धाब्याच्या घरातही छतात एक भोक राखीत, त्यातून धूर निघे आणि उजेड उतरे. पत्रा मात्र पाण्याला जसा अडवितो तसाच आतल्या उष्ण हवेलाही अडवितो.

रेल्वेचा डबा म्हणजे चाकांवरचे धातूचे घरच. हिंदुस्थानच्या उन्हात तो किती तापत असेल हे रेल्वे कंपन्यांना लवकरच कळले. डब्यांना दुहेरी छपरे आली. १८७० नंतरच्या दशकात जी. आय. पी. रेल्वेने वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून वारा आत घेण्याची सोय केली, पण ती पहिल्या वर्गासाठी. बाकीच्यांच्या वाट्याला खिडकी आणि टपावरचे वायुवीजक, म्हणजे हवा बाहेर सोडणारे झाकण. त्याची रचना अशी की धावत्या गाडीचा वारा त्याच्या अंगावरून सरकताना तिथे दाब कमी व्हावा आणि आतली हवा वर ओढली जावी. १९५५ साली पेरांबूरचा कारखाना सुरू झाल्यावर सर्वस्वी पोलादी डबे देशातच बनू लागले. त्यांच्या टपांवरही ही झाकणे राहिली. गाडी थांबली की मात्र ती जवळजवळ निकामी. मे महिन्यात सिग्नलपाशी खोळंबलेल्या गाडीत बसलेल्या प्रवाशाला हे निराळे सांगावयास नको.

जागच्या जागी उभ्या असलेल्या इमारतीला स्वतःचा वारा निर्माण करता येत नाही. तिला मिळेल त्या दिशेच्या वाऱ्यावर भागवावे लागते. फिनलंडचे सिगुर्ड साव्होनियुस यांनी १९२० नंतरच्या दशकात उभ्या आसाभोवती फिरणारे एक चक्र बनविले. वारा कोणत्याही बाजूने येवो, ते फिरते. जर्मन अभियंते आंतोन फ्लेट्नर यांनी, शिडांऐवजी फिरते स्तंभ लावून जहाज चालविणारे तेच हे गृहस्थ, या चक्राचा उपयोग मोटारगाड्यांच्या छतावरील वायुवीजकात केला. आज शेडवर फिरताना दिसतो तो चकचकीत पात्यांचा भोपळा याच विचाराच्या कुळातला. त्याच्या वक्र पात्यांवर एका बाजूने वारा अधिक जोराने ढकलतो, दुसऱ्या बाजूने कमी, म्हणून तो फिरतो. वीज लागत नाही. वारा पडला तरी काम अगदी थांबत नाही. चाळीस अंशांच्या हवेपेक्षा साठ अंशांची हवा सुमारे सहा टक्क्यांनी हलकी असते, ती आपण होऊनच वर चढते.

पण या भोपळ्यावर भलता विश्वास ठेवू नये. वर जेवढी हवा जाईल तेवढी खालून यावयास हवी; दारे-खिडक्या बंद ठेवून छतावर चार भोपळे बसविणे म्हणजे तळ नसलेल्या विहिरीवर रहाट बसविणे होय. शिवाय आत येणारी हवा बाहेरच्याइतकी तापलेलीच असणार. दिल्लीत सफदरजंगच्या वेधशाळेत २९ मे १९४४ रोजी ४७.२ अंश तापमानाची नोंद झाली; ऐंशी वर्षांनी, २९ मे २०२४ रोजी, ४६.८ अंशांची. अशा दिवशी लू वाहत असताना भोपळा गरगर फिरतो खरा, पण तो शेड बाहेरच्यापेक्षा अधिक तापू देत नाही एवढेच. शिवाय तापलेला पत्रा खाली उष्णता फेकीतच राहतो, तिला वारा अडवू शकत नाही. त्यासाठी पत्र्यावर चुन्याची सफेदी किंवा पत्र्याखाली दुसरे छत हवे, आणि येणारी हवा निववावयाची तर जी. आय. पी. च्या पहिल्या वर्गाला ठाऊक असलेला वाळाच हवा.

१९४८ च्या कारखाना कायद्याला ही गोष्ट कळली होती. त्याच्या तेराव्या कलमात खेळत्या हवेबरोबरच भिंती आणि छप्पर यांचाही उल्लेख होता: उष्णता शक्य तितकी कमी राहील अशा पदार्थाची व अशा रचनेची ती असावीत. मात्र वीज वापरणाऱ्या जागेत दहा कामगार असले तरच तो कारखाना गणला जाई. गल्लीबोळांतल्या, गच्चीवर पत्रा टाकून पाचसहा माणसांनी चालविलेल्या कामशाळा त्या कलमाच्या बाहेर राहिल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली, आणि दहाची ती मर्यादा आता वीस झाली आहे.