सतरा खड्यांची कुळकथा

एचएमटी जनताच्या तबकडीवर बारीक अक्षरांत '१७ ज्वेल्स' असं छापलेलं असे. १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बेंगळुरूला एचएमटीची मनगटी घड्याळं बनू लागली आणि पुढची कितीतरी वर्षं नोकरी लागली, लग्न ठरलं, की हातावर तेच घड्याळ चढायचं. त्या सतरा ज्वेल्सबद्दल घरोघरी एक समज होता : आत खरी माणकं आहेत, तेव्हा दुरुस्तीला दिलं तर घड्याळजीसमोर बसून राहावं, नाहीतर तो खडे काढून घेईल. आत माणकं होती हे खरंच. पण ती कारखान्यात तयार झालेली, मोहरीहूनही लहान आणि सराफाच्या लेखी कवडीमोलाची. घड्याळाच्या लेखी मात्र त्यांचं मोल फार मोठं, कारण तेलाचा थेंब वर्षानुवर्षं जागेवर धरून ठेवण्याचं काम त्यांच्याकडे असतं. लाखो रुपयांच्या घड्याळाचं सर्व्हिसिंग कशासाठी करायचं, याचं उत्तर या खडा-तेलाच्या जोडीत आहे.

चाकाच्या आसाचं पोलादी टोक पूर्वी पितळेच्या भोकात फिरायचं. पितळ मऊ, त्यामुळे धुळीचे कण त्यात रुतून बसत आणि फिरणाऱ्या पोलादाला घासत राहत. प्राणिज आणि वनस्पतिज तेलांतल्या आम्लानं पितळ हिरवं पडे, तेल चिकट होई. भोक हळूहळू लांबट व्हायचं आणि चाक डगमगायचं. टोक फिरायला पितळेऐवजी काहीतरी कठीण, गुळगुळीत आणि तेलाशी न भांडणारं हवं होतं.

ते सुचलं एका गणितज्ञाला. निकोलस फातियो १६६४ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलला जन्मला, लंडनला आला, रॉयल सोसायटीचा सदस्य झाला आणि न्यूटनच्या अगदी जवळच्या वर्तुळात वावरला. माणकाला बारीक भोक पाडण्याची रीत त्यानं बसवली. कडकपणात हिऱ्याच्या खालोखाल माणिक, म्हणजे भोक पाडायला हिऱ्याचीच पूड लागणार. पीटर आणि जेकब डेबॉफ्र हे फ्रान्समधून धर्मछळामुळे परागंदा झालेल्या समाजातले घड्याळकार त्याचे भागीदार झाले आणि १७०४ च्या मे महिन्यात तिघांना चौदा वर्षांचं पेटंट मिळालं.

मग ते हक्काची मुदत वाढवून घ्यायला पार्लमेंटकडे गेले आणि तिथे बिनसलं. लंडनच्या घड्याळकारांची संघटना विरोधात उभी राहिली. ही युक्ती नवी नाहीच, असा तिचा दावा. पुराव्यादाखल इग्नेशियस हगफर्ड नावाच्या कारागिराचं एक जुनं घड्याळ हजर केलं गेलं. त्याच्या बॅलन्सवर, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकावर, खडा बसवलेला स्पष्ट दिसत होता. मागणी फेटाळली गेली. पुढे केव्हातरी ते घड्याळ उघडून नीट पाहिलं, तेव्हा तो खडा नुसता शोभेचा निघाला. त्यात टोक फिरतच नव्हतं! ज्या पुराव्यावर फातियो हरला तो पुरावाच पोकळ होता. मला हा घड्याळांच्या इतिहासातला उघड अन्याय वाटतो. धंद्यातल्या अनुभवी लोकांनी तो खडा ओळखला नसेल, हे पटत नाही. फातियोचं नशीब पुढेही फिरलं ते वाईटाकडेच. एका भविष्यवादी धर्मपंथाच्या नादी लागल्याबद्दल १७०७ साली त्याला लंडनच्या चेरिंग क्रॉसला भर चौकात खोड्यात उभं केलं गेलं.

कला मात्र इंग्लंडमध्ये रुजली. पुढची बरीच दशकं भोकाचे खडे करण्याचं कसब प्रामुख्यानं तिथल्याच कारागिरांच्या हाती राहिलं. तेलाच्या बाजूचं मोठं काम त्याच सुमारास पॅरिसमध्ये झालं. तिथे राहणाऱ्या हेन्री सली या इंग्रज घड्याळकारानं भोकाभोवती गोलसर खळगा कोरला. ज्युलियाँ ल रुआ या फ्रेंच घड्याळकारानं ती रचना सुधारली. द्रव अरुंद फटीकडे आपोआप ओढला जातो, हा केशाकर्षणाचा गुण इथे कामी आला. तेल इकडेतिकडे न पसरता टोकापाशीच गोळा होऊन राहू लागलं. आजही कुठल्याही चांगल्या घड्याळाच्या पाठीकडून भिंगातून पाहिलं तर भोकाच्या प्रत्येक लालसर खड्याच्या मधोमध तो खळगा चमकताना दिसतो.

जॉन हॅरिसननं समुद्रावर रेखांश काढण्यासाठी केलेल्या घड्याळांत खडा-तेलाच्या या जोडीची खरी कसोटी लागली. त्याच्या आधीच्या मोठ्या यंत्रांत तेलाची कटकटच नको म्हणून त्यानं लिग्नम व्हिटे हे स्वतःच तेलकट असलेलं लाकूड वापरलं होतं. १७५९ साली पुरं झालेलं चौथं घड्याळ जेमतेम १३ सेंटिमीटर व्यासाचं. त्यात त्यानं माणिक आणि हिरे बसवले आणि तेलही पत्करलं. १७६१ साली ते जमैकाच्या सफरीवर निघालं.

तरी खडा महागच राहिला, कारण तो खाणीतून यायचा. १९०२ साली ऑग्युस्त व्हेर्नई या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं आपली पद्धत जाहीर केली आणि चित्र पालटलं. ॲल्युमिनाच्या शुभ्र भुकटीत थोडं क्रोमियम ऑक्साइड मिसळायचं, ती ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्योतीतून खाली सोडायची. दोन हजार अंशांच्या वर ती वितळते आणि खालच्या दांड्यावर उलट्या नाशपातीसारखा लालभडक स्फटिक वाढत जातो. रसायनानं, कडकपणानं ते खरं माणिकच, शिवाय खाणीतल्या दगडासारखे दोष नसलेलं. साध्या माणसाच्या घड्याळात माणिक आलं ते इथून.

आता सतराच का? बॅलन्सच्या आसाला चार : वर-खाली एकेक भोकाचा आणि त्यावर एकेक झाकणाचा. बॅलन्सला धक्का झेलणारी पिन एक. एस्केप चाकाचे दात आळीपाळीनं अडवणाऱ्या-सोडणाऱ्या पॅलेट फोर्कच्या दोन टोकांना दोन खडे आणि त्याच्या आसाला दोन. एस्केप चाक, चौथं चाक, तिसरं चाक, मधलं चाक यांना प्रत्येकी दोन. झाले सतरा. हाताने चावी द्यायच्या साध्या घड्याळाला याहून जास्त लागत नाहीत. अमेरिकेनं १९३० च्या जकात कायद्यात सतराहून जास्त खड्यांच्या घड्याळांवर जबर कर बसवला, म्हणूनही हा आकडा जगभर पक्का झाला. साठच्या दशकात काही कंपन्यांनी शंभर-शंभर खडे भरून तशी जाहिरात केली. त्यातले बहुतेक नुसते बसवलेले, काही न करणारे. अखेर १९७४ साली आंतरराष्ट्रीय मानक आलं आणि काम करणारा खडाच मोजायचा, असं ठरलं.

सर्व्हिसिंगच्या टेबलावर हा सगळा इतिहास हाताखाली येतो. बॅलन्सच्या टोकाची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास. ताशी २८,८०० ठोक्यांच्या घड्याळात बॅलन्स दिवसाला ६,९१,२०० वेळा झोका घेतो. घड्याळ पूर्ण सुटं होतं, भाग धुतले जातात, भोकं टोकदार काडीनं साफ केली जातात. झाकणाच्या खड्यावर सुईच्या अग्रानं पातळ कृत्रिम तेलाचा एक बिंदू ठेवायचा. भिंगातून तो खड्याच्या मध्यभागी स्वच्छ गोल वर्तुळ होऊन दिसला पाहिजे, कडेला टेकता कामा नये. हळू फिरणाऱ्या, भार पेलणाऱ्या चाकांना दाट तेल. पॅलेटच्या खड्यांना त्याहून वेगळं, घासताना पातळ होणारं वंगण. आणि पॅलेट फोर्कच्या आसाच्या टोकांना बहुतेक घड्याळांत तेल मुळीच द्यायचं नाही. तेल जास्त झालं की ते ओघळून शेजारच्या भागांवर जातं आणि मूळ जागा कोरडी पडते.

मग टाइमग्राफर. टिकटिक ऐकून हे यंत्र रोजचा फरक सांगतंच, बॅलन्स किती अंश झुलतो हेही सांगतं. पूर्ण चावी दिलेलं निरोगी घड्याळ आडवं ठेवलं तर साधारण २७० ते ३१० अंश दाखवतं. तेल वाळलं की हा आकडा घसरतो आणि वेळ भरकटते. अशा वेळी घड्याळाची चाल कमी-जास्त करणारा रेग्युलेटरचा काटा जरासा सरकवून फरक शून्यावर आणून देणारे दुकानदार पुष्कळ आहेत. हे मला साफ चुकीचं वाटतं. ग्राहक खूश होऊन जातो आणि कोरडं टोक खड्यात घासत राहतं. झिजतं ते पोलाद. माणिक तसंच राहतं. आधी सफाई आणि तेल, मग सगळ्या बाजूंना ठेवून तपासणी, आणि शेवटी रेग्युलेशन, हाच क्रम हवा.

तेलाची गरज कमी करण्याचे प्रयत्न चालूच आहेत. इंग्रज घड्याळकार जॉर्ज डॅनियल्सची, चाकाचे दात अडवण्या-सोडण्याची को-ॲक्सियल रचना ओमेगानं १९९९ साली घड्याळात आणली. तिच्यात घासणं कमी. २००१ साली युलिस नार्डिन कंपनीनं सिलिकॉनचे भाग वापरले. बॅलन्सची टोकं मात्र या घड्याळांतही तेल घातलेल्या माणकातच फिरतात. रोलेक्स साधारण दहा वर्षांनी सर्व्हिसिंग सुचवते, ओमेगा पाच ते आठ. ही मुदत फक्त वापरातल्या घड्याळांपुरती धरू नये. तिजोरीत पडून राहिलेल्या घड्याळातलंही तेल म्हातारं होतं, म्हणून आजोबांचं घड्याळ कितीतरी वर्षांनी बाहेर काढलं तर हौसेनं लगेच चावी देऊ नये. आधी ते जाणत्या कारागिराकडून उघडून साफ करून घ्यावं.